जुईची लाट

४ नोव्हेंबर
"ताई, माझा आवाज हिला कसा वाटत असंल?" सुनंदाने विचारलं. तिची जुई, वय चार, मढहून आमच्या दवाखान्यात कान तपासायला येते. जन्मापासून कमी ऐकू येतं, वर्षभरापूर्वी कानाचं यंत्र दिलं. आज डोक्याला तारा चिकटवल्या, समोर मुकं कार्टून, यंत्रातून बा... बा... पडद्यावर मेंदूची लाट आली ती तान्ह्या बाळासारखी. रुंद, उशिरा येणारी. वर्षभर ऐकलं असतं तर एव्हाना लवकर यायला लागली असती.
आमचे डॉक्टर सर म्हणाले, "महिन्याने परत बघू. तेव्हाही अशीच असेल तर यंत्राचा उपयोग नाही असं लिहून टाक." मग कानाच्या ऑपरेशनचं बोलणं.

५ नोव्हें.
आई : "पोरांच्या डोक्याक वायरी लावून काय बघतंस गो?"
म्हटलं, आवाज आत पोचायला किती वेळ घेतो ते. लहानपणी उशीर लागतो. ऐकून ऐकून वाट मळते.
"मगे तुझी अजून मळाक नाय. कधीपासून हाक मारतंय."
घरात पहिली पदवीधर मी. भांडी घासताना डोळ्यांसमोर जुईची लाट. भरतीच्या आधी समुद्र थांबतो, तशी.

९ नोव्हें., रवि.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला गेले. अंगणात बोंबील वाळत होते, त्यांच्या सावलीत जुई. कान रिकामे.
"यंत्र कुठंय?"
सुनंदाने तांदळाचा डबा उघडला. फडक्यात यंत्र, शेजारी तिची लग्नातली नथ. "दवाखान्यात यायचं तवाच काढते. खारा वारा हाय ना ताई. मोबाईल भिजला का तांदळातच घालतात."
यंत्र सुकवायला आम्ही दिलेली डबी फळीवर, पाकीटसुद्धा न फोडलेली. ती कशासाठी, हे आम्ही तरी कधी सांगितलं?
रागवायचं राहूनच गेलं. यंत्र जुईच्या कानात बसवलं. "मागून हाक मार."
"जुई."
किती वेळ काहीच नाही. मग तिने हळूच मान वळवली. हाकेकडे की वाऱ्याकडे, कळलं नाही. सुनंदा पुन्हा हाक मारेना. पुन्हा वळली नाही तर, म्हणून घाबरली असावी.

१० नोव्हें.
सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, महिना पुरणार नाही, सहा तरी द्या. "बघू," म्हणाले. चार वर्षं म्हणजे फार उशीर नाही, पण वेळ सरतोय. लाट अलीकडे सरकेल? माहीत नाही.
यंत्र पुन्हा त्यात जाऊ नये म्हणून तांदळाचा डबा मात्र कालच उचलून आणला. नथ सुनंदाच्या हातात दिली, पाकीट फोडून डबी जुईच्या उशाशी ठेवली: रात्री यंत्र त्यात, दिवसभर कानात. आज आईने त्याच तांदळाचा भात लावला.