दाट गटिंग

२१ सप्टेंबर, रविवार
आज पुन्हा तीन बॉल कंपाउंडबाहेर. एक नाल्यात. इरा म्हणाली, कोई बात नहीं बाबा. पोरीने बापाची समजूत घालायची वेळ आली की बापाने विचार करावा. केला. दोष हातात नाही, रॅकेटमध्ये आहे. आणि थकवा येतो तो वयाचा नव्हे, चुकीच्या रॅकेटचा.
इरा १ डिसेंबरला हैदराबादला नोकरीवर रुजू होणार. त्याआधी, २३ नोव्हेंबरला, कॉलनी क्लबची पालक-पाल्य टेनिस डबल्स. ती शाळेत होती तेव्हापासून आम्ही दोघं उतरतो आणि दरवर्षी पहिल्या फेरीत हरून नाश्त्याला घरी येतो. या वर्षी शेवटची संधी. पोरीच्या हातात कप देऊनच तिला गाडीत बसवायचं.
निश्चय: नवी रॅकेट.

२३ सप्टेंबर
इंटरनेटवर वाचन. रॅकेटची जाळी, म्हणजे गटिंग, दोन प्रकारची. विरळ म्हणजे सोळा उभ्या, एकोणीस आडव्या तारा. त्यात बॉल गिरक्या घेतो. दाट म्हणजे अठरा उभ्या, वीस आडव्या. त्यात बॉल सांगितल्या जागी पडतो. सपाट आणि जोरात मारणारे मोठे खेळाडू दाट जाळीच पसंत करतात, कारण जोर त्यांच्याकडे उपजत असतो, हवा असतो तो कंट्रोल. वाचून अंगावर काटा आला. हे माझंच वर्णन.
इराला वाचून दाखवलं. ती म्हणाली की बाबा, बॉल जोराने बाहेर जात नाही, तुमची रॅकेट आसमानकडे बघत असते म्हणून जातो. नव्या पिढीला वाचनाची सवय नाही.
शिवाय मी वाइंडिंगचा माणूस. नोकरीसाठी झाशीला आलो तेव्हापासून ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलवर तांब्याचे वेढे बसवतोय. जे दाट आणि घट्ट ते टिकतं, हे मला इंटरनेटने सांगायची गरज नव्हती. पण सांगितलं ते बरं झालं.

३० सप्टेंबर
रॅकेट आली. अठरा बाय वीस. जाळीतून मोहरीसुद्धा खाली पडायची नाही. (अनुसूयाने मोहरी टाकून दाखवली. पडली. बायकोचा स्वभाव.)
इराने विचारलं, कल सुबह चलें? म्हटलं उद्या खंडेनवमी, शस्त्रं पूजेत. नवं शस्त्र पूजेआधी वापरणं बरं नाही. ती म्हणाली की जुनीने खेळू. आता जुनीला हात लावला तर सवय बिघडेल. नाही म्हटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजेत माझी रॅकेट, माझा मापाचा व्हर्नियर, इराचा लॅपटॉप आणि अनुसूयाची विळी. अनुसूयाचं घराणं झाशीत सात पिढ्यांचं, सगळं साग्रसंगीत. तिने गंध, हळदकुंकू आणि वर फुलाने पाणी शिंपडलं. थेट जाळीवर. मी ओरडलो. ती म्हणाली, विळीवर शिंपडलं तेव्हा विळी ओरडली नाही.
प्रश्न गंभीर आहे. तारा नायलॉनच्या, नायलॉन ओल शोषून घेतं. कॉइलमध्ये ओल राहिली की ट्रान्सफॉर्मर गेलाच. म्हणून आमच्या कारखान्यात तेलाच्या टँकमध्ये घालण्याआधी कॉइल भट्टीत वाळवतात. उद्या दसरा, रॅकेट पूजेतून उचलता येणार नाही. परवा बघू.

३ ऑक्टोबर
ओव्हनमध्ये मावत नाही. गाडीत ठेवली, काचा बंद करून, भर उन्हात. झाशीचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी.
इरा सकाळी बूट घालून तयार होती. सांगितलं की रॅकेट वाळतेय. ती बूट काढून आत गेली. समजूतदार आहे.

४ ऑक्टोबर
दुपारी गाडीतून फाडकन आवाज. अनुसूयाला वाटलं टायर फुटला. टायर शाबूत. तीन तारा तुटल्या.
याचा अर्थ कंपनीचं गटिंग कच्चं होतं. आता कळलं ते चांगलं, ऐन मॅचमध्ये कळलं असतं तर? इराने विचारलं की हे चांगलं कसं. समजावलं. ती हसली आणि तिने आईकडे बघितलं. दोघींची आपसात काहीतरी भाषा आहे.

७ ऑक्टोबर
मानिक चौकात साहूजींचं दुकान. कॅरम, बॅटी, ट्रॉफ्या, आणि मागच्या बाजूला बॅडमिंटनच्या गटिंगचं मशीन. साहूजी म्हणाले की टेनिसची पण होते, क्यों नहीं होगी. किती घट्ट, विचारलं. मी म्हटलं कॉइल सैल राहिली की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तशी रॅकेट जराही गुणगुणता कामा नये. साहूजींना एवढं कळलं की साहेबाला घट्ट हवंय. म्हणाले, काए साब, आप कहो तो और कस दें, हमाओ का जात, म्हणजे आमचं काय जातंय. असा माणूस कारखान्यात आमच्या वाइंडिंग शॉपमध्ये हवा होता.
दिवाळीची गर्दी आहे, आठवडा लागेल. ट्रॉफ्या पण बघून ठेवल्या.

१५ ऑक्टोबर
रॅकेट मिळाली. बोटाने टिचकी मारली तर पाटावर मारल्यासारखा आवाज. गुणगुण शून्य. तारांमधे बसवायचं ते रबरी बटण काढून टाकलं. ते कंप थांबवायला असतं, कंपच नाही तर बटण कशाला.
इराने हातात घेऊन पाहिली. म्हणाली, बाबा, ये तो तवा है. कौतुकाने म्हणाली असावी.

१६ ऑक्टोबर
क्लबच्या मागच्या भिंतीवर एकट्याने सराव. बॉल भिंतीपर्यंत जातो, परत येताना अर्ध्यात बसतो. म्हणजे जोर पूर्ण ताब्यात आला. आता थोडा वाढवायचा, एवढंच काम उरलंय.
इरा कोर्टवर बोलवत होती. म्हटलं, अजून सेट झालेलो नाही. अर्धवट तयारीत पोरीसमोर उतरणं बरं दिसत नाही. ती बेंचवर बसून राहिली. मग लघाटेच्या पोरीला सर्व्हिस शिकवत होती. स्वानंद लघाटे आमच्याच शॉपमधला, माझा ज्युनिअर, आणि त्याची प्रांजली सहावीत. तिच्या रॅकेटच्या जाळीतून लिंबू पडेल. गरीब बिचारी.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. कोपर ठणकतंय. फराळाचं ताट उजव्या हाताने धरवत नाही. अनुसूया म्हणाली, डाव्या हाताने खा, तोंड तर ठीक आहे ना.

२७ ऑक्टोबर
दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. ऐकून बरं वाटलं. हा आजार खेळाडूंना होतो, उगाच कोणाला होत नाही. डॉक्टर म्हणाले की फार पीठ मळणाऱ्यांनाही होतो. तो भाग घरी सांगितला नाही.
कोपराला पट्टा आणि विश्रांती सांगितली आहे. इराला म्हटलं पंधरा दिवस थांब, मग बघ. ती म्हणाली, बाबा, माझ्याकडे दिवस कमी आहेत, जुनी रॅकेट घेऊन हल्काफुल्का खेलते हैं ना, पॉइंट नको मोजायला. हे ऐकून वाईट वाटलं. पोरीने कपची आशाच सोडली. तिला उभारी दिली पाहिजे. रॅकेट हाती घेऊन तिला पुन्हा सगळी थिअरी समजावली, अठरा उभ्या, वीस आडव्या. ती ऐकत होती. मधेच उठून आत गेली. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली. इथे धूळ फार.

५ नोव्हेंबर
विश्रांती चालू. विश्रांतीनेही दमायला होतं. शॉपमध्ये सगळे विचारतात, साहेब, पट्टा कशाला. सांगून सांगून दमलो. संध्याकाळी खुर्चीत रॅकेट मांडीवर घेऊन बसतो. हातात असली की विश्वास वाटतो.
सकाळी इरा आणि अनुसूया फिरायला जातात. मला बोलवलं. मॅचआधी पाय दमवणं योग्य नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
भिंतीवर पुन्हा सुरुवात. चार फटक्यांनंतर थांबलो. चारही सरळ. एकही बॉल बाहेर नाही. सप्टेंबरमधला मी आणि आजचा मी, फरक स्पष्ट आहे.
ड्रॉ निघाला. पहिल्या फेरीत लघाटे आणि प्रांजली. इराला म्हटलं, कप आपलाच समज. ती म्हणाली, कल से रोज खेलें? सहा दिवस तरी मिळतील. म्हटलं, आता हात जपायचा. थेट मॅचला उतरू. ती ठीक आहे म्हणाली. हल्ली ती ठीक आहे फार म्हणते.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
मॅच झाली.
नोंद नीट करणं आवश्यक आहे. माझे सगळे बॉल कोर्टच्या आत पडले. आमच्याच कोर्टच्या. एकही बाहेर गेला नाही. कंट्रोलच्या दृष्टीने बघायचं तर तक्रारीला जागा नाही. प्रांजलीचे बॉल मात्र गिरक्या खात येत होते आणि मला दोनदा शोधावे लागले.
तिसरा गेम माझ्या सर्व्हिसचा. पहिल्याच बॉलला कोपरात कळ गेली आणि रॅकेट हातातून सुटून नेटपाशी जाऊन पडली. लघाटे धावत आला, सर, सर करत. इराही आली. म्हणाली, सर्व्हिस मैं कर लूँगी, आप बस खड़े रहो बाबा. कुठेही उभे राहा, एका कोपऱ्यात. सगळे बॉल मी घेईन.
क्लबचा नियम आहे, दुखापतीत जोडीदाराने सर्व्हिस केलेली चालते. लघाटेचीही हरकत नव्हती. मी नाही म्हटलं. अर्धवट कॉइल आम्ही टँकमध्ये घालत नाही, हे तत्त्व आहे. अंपायरला मॅच सोडल्याचं सांगितलं.
इराने एकदाच विचारलं, पक्का? हो म्हटलं. मग तिने कोर्टवरचे सगळे बॉल गोळा केले. मी वाकू शकत नव्हतो. बराच वेळ लावला तिने. एकेक करून उचलत होती.
घरी येऊन नाश्ता. खूप दमलोय. पुढच्या वर्षी, असं लिहायला घेतलं होतं.

२६ नोव्हेंबर
इराचं पॅकिंग. तिची रॅकेट बॅगेत घालत नव्हती. म्हटलं घेऊन जा, तिकडे उपयोगी पडेल. ती म्हणाली, जागा नाही. बॅगेत भरपूर जागा दिसत होती. अनुसूयाने लाडवांचे दोन डबे भरले तरी उरली.

२९ नोव्हेंबर, शनिवार
इराला स्टेशनवर सोडलं. बॅग डाव्या हाताने ओढली. गाडी वेळेवर आली, नेमकी आजच. नमस्कार करून म्हणाली, हाथ का ध्यान रखना. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. खिडकी कोणती ते शोधण्यात वेळ गेला.
परत येताना गाडी अनुसूया चालवत होती. नगऱ्याच्या वळणावर एकाएकी म्हणाली की कंपनीने इराला एक ऑक्टोबरलाच बोलावलं होतं. पोरीने हातापाया पडून दोन महिने मागून घेतले.
कशाला, मी विचारलं. अनुसूया म्हणाली, कशाला काय अहो. सकाळी तुमच्याबरोबर खेळायचं होतं तिला. एकदा गेलं की मग कुठे व्हायचं, म्हणत होती.
कपचं काही म्हणाली होती का, विचारलं. अनुसूया म्हणाली, कोणता कप.
मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. तर म्हणे पोरीने शपथ घातली होती, बाबांना कळलं तर बाबा अजून तयारीला लागतील.
घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगायला जमणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी लवकर जाग आली. बूट घातले. मग कुठे जायचं ते सुचेना, म्हणून पायरीवर बसलो. अनुसूयाने चहा आणून दिला.
दुपारी इराचा फोन. पोहोचली. रूम अच्छा है, खाना ठीक है. हाताचं विचारलं. फर्स्ट क्लास म्हटलं. कॅम्पसमध्ये टेनिस कोर्ट आहे, दोन आहेत म्हणाली, खाली पड़े रहते हैं.
मी म्हटलं, मग खेळ की रोज सकाळी.
ती म्हणाली, देखती हूँ बाबा. किसके साथ खेलूँ?
मी फोन अनुसूयाकडे दिला.