वळणातले पत्रे

मंगळवार, संध्याकाळ. राजाजीनगर.

गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर देशपांडे सर यांना सांगावंच लागलं. त्यांनी आखलेल्या धुराच्या नळाला काटकोनी वळण आहे, तिथे हवेचा जोर मरतो आणि धूर भट्टीपाशीच साचतो. सर लवकरच निवृत्त होणार. गप्प बसायला हवं होतं का? पण भट्टीवरच्या मंजुळाक्का दिवसभर खोकतात.

सरांनी नकाशा उलगडून त्या वळणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "वळणात वाकवलेले पत्रे बसवू. हवा अलगद वळेल."

आज पत्रे बसवून पंखा लावला. धूर सरळ वर गेला. मंजुळाक्कांनी तोंडावरचा पदर काढला. "आता सरी, सर," त्या कानडीत म्हणाल्या. म्हणजे, आता ठीक झालं.

"नकाशावर आता तुझं नाव घाल," सर मला म्हणाले.

त्यांचं तसंच ठेवलं. खाली माझं लिहिलं.