जिन्यात अडकलेल्या बाईची तक्रार

प्रिय मावशीस नमस्कार. झालं ते आधी क्रमाने लिहिते, कारण आईने तुला ते शेवटाकडून सांगितलं असणार.

१. सोमवारी सकाळी नऊ दहाला मी कारखान्याच्या संगणकात एक तक्रार नोंदवली.
२. नऊ अकराला भोंगा वाजला.
३. नऊ तेराला सगळी यंत्रं बंद झाली.
४. नऊ एकोणीसला सगळी माणसं फाटकाबाहेर उभी होती. मोजली. तीनशे बारा. हजेरीतही तीनशे बाराच.
५. जिन्यात अडकलेली बाई सापडली नाही.
६. ती माझ्या गोष्टीतली होती.

तुझा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे काकांकडून वाचून घ्यावं लागणार नाही. (अक्षर मोठं आहे ते रागाने नव्हे. राग आहे, पण तो वेगळा.)

ही गोष्ट मी तीन वर्षं लिहिते आहे हे तुला माहीत आहे. दर फोनला तूच विचारतेस. गेल्या महिन्यात तर म्हणालीस, "एवढी इंजिनिअर झालीस, कारखाना चालता ठेवतेस, आणि बारा पानं पुरी होत नाहीत तुझ्याने?" मावशी, नऊ झालेली आहेत. नवव्या पानाच्या शेवटी एक बाई बॅग घेऊन जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, ती अकरा महिने तिथेच आहे. या अकरा महिन्यांत मी टेबल बदललं, दिवा बदलला, पेनं वजन करून पाहिली (हसू नकोस, सात ग्रॅमचा फरक निघाला) आणि गोष्टीला किती दिवस लागतील याचा तक्ता चार रंगांत काढला. तक्ता इतका चांगला झाला की त्या समाधानात दोन आठवडे टेबलाकडे फिरकलेच नाही. सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. आई म्हणाली, रोज एक ओळ लिही. दादा, ज्याने आजवर सामानाची यादीसुद्धा शेवटपर्यंत लिहिलेली नाही, तो म्हणाला, मूड यावा लागतो. मूड! प्रेस बंद पडला की मी मूडची वाट बघत बसते का?

आणि इथेच मला ती कल्पना सुचली. आमच्याकडे प्रेसवर बाटल्यांची झाकणं बनतात. एखादं यंत्र बिघडलं की संगणकात तक्रार टाकायची. सात दिवसांत निकाल लागला नाही तर ती लाल होऊन मॅनेजरांकडे जाते. हा नियम माझाच आहे, आणि त्या लाल रंगाइतकी मी दुसऱ्या कशालाच घाबरत नाही. तेव्हा भंगारात गेलेल्या चार नंबरच्या प्रेसच्या नावावर मी लिहिलं: "बाई जिन्यात अडकली आहे. अकरा महिने. वर न्यायची की खाली, ठरवणे." पुढे कामाचा प्रकार निवडायचा असतो: तेल-पाणी, दुरुस्ती, सुटे भाग, सुरक्षा. माझ्या बाईला तेल-पाण्यात घालणं मला पटेना. मी सुरक्षा निवडलं. सुरक्षा निवडलं की भोंगा आपोआप वाजतो. (हा नियमही माझाच. या वाक्यावर थांबू नकोस, पुढे वाच.)

सुरक्षा अधिकारी स्ट्रेचर घेऊन धावले. दोघांनी शिडी आणली. पॅकिंगमधल्या काकू "अगं बाई, अकरा महिने? खाल्लं काय असेल गं तिने?" म्हणत फाटकापाशी रडायलाच लागल्या. मावशी, आमचा कारखाना एकमजली आहे. तिथे जिनाच नाही. तीनशे बारा माणसांतल्या एकालाही हे आठवलं नाही, आणि बेजबाबदार कोण ठरलं? मी.

मॅनेजरांनी पुरावा म्हणून नऊ पानं मागवून घेतली. पुरावा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मोठ्याने वाचला गेला. मला न विचारता! जी पानं मी आईलाही दाखवलेली नाहीत, त्यांवर आता लेथवरचा माणूस मत देतो. जाता-येता अडवून विचारतात, "काय मॅडम, उतरली का?" सुरक्षा अधिकाऱ्यांच्या मते तिने वर जावं. काकू म्हणतात, खाली. कुणाच्या दारात तोंड पाडून उभं राहण्यापेक्षा आपलं घर बरं. तक्रार रद्द करा म्हणून मी मॅनेजरांकडे गेले, तर ते म्हणाले, "सुरक्षेची तक्रार निकालाशिवाय बंद होत नाही. नियम तुमचाच ना?" आणि मला निकालासाठी पुढच्या शुक्रवारची तारीख दिली.

कळस केला तो आमच्या फिटरने. खिशात कायम तेरा नंबरचा पाना असतो म्हणून त्याला सगळे तेरा नंबर म्हणतात. खऱ्या यंत्राच्या पाहणीचा शेरा तो दोन शब्दांत उरकतो, तोही तीनदा मागितल्यावर. माझ्या तक्रारीखाली त्याने स्वतःहून लिहिलं: "पाहणी केली. बाई ठणठणीत. जिना ठीक. बॅग जड वाटते. आत काय आहे ते लिहिणारीला माहीत नाही. बिघाड तिथे आहे." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले, चहासुद्धा न करता दहावं पान काढलं आणि बसले. चार ओळी झाल्या. अकरा महिन्यांतल्या पहिल्या. दुसऱ्याचं निदान बरोबर निघालं की मला जास्तच चीड येते.

काळजी घे. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. आईने ती पानं मागितलीच, तर ती आता कारखान्याच्या ताब्यात आहेत असं सांग. खोटं नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. मी सात वर्षांची होते. दुपार होती, आई बाहेर गेली होती. मी स्टुलावर चढून दाराच्या भिंगातून पाहिलं. तू जिन्यात बसली होतीस, शेजारी तपकिरी बॅग. घंटा वाजवली नाहीस. पाऊण तासाने उठलीस आणि उतरून गेलीस. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. माझा हात कडीला पोचत होता.

बॅगेत काय होतं? आणि मी दार उघडलं असतं, तर तू आत आली असतीस का? सांगायचं नसेल तर नुसतं "नाही" लिही. मग मी ती बाई गोष्टीतून काढून टाकीन आणि पुन्हा विचारणार नाही. पण काहीतरी लिही. उत्तर पुढच्या गुरुवारपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.