शेपटाच्या दोन ओळी

४ मार्च
किल्ली मिळाली, लिफ्टचं कार्ड नाही. सेक्रेटरींनी दारातच कागद हातावर ठेवला. आधीच्या मालकाने चार वर्षं मेंटेनन्स भरलेला नाही — दंड-व्याज धरून पाच लाख बारा हजार. "मॅडम, बँकेने जप्त केलेला फ्लॅट लिलावात घेतलात ना? मग थकबाकीही तुमचीच. माणूस पळाला, फ्लॅट थोडाच पळतो?" सगळे पैसे भरले की सभासद करून घेणार, मग कार्ड. तोवर जिना. चौथा मजला!

मी "बरं" म्हटलं. बरं कसलं!

५ मार्च
बाबांना सांगितलं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, उंबरठा ओलांडायलाही माझा खांदा लागतो. ही जागा त्यांनीच शोधली होती — मी नोकरी करते त्याच पेपरात, मी लावते त्याच जाहिरातींच्या पानावर, भिंग धरून. "बघ गं, आपल्या आवाक्यातली आहे." आज म्हणाले, "खाली कुठेतरी बारीक लिहिलं असणार. मला दिसलं नाही. डोळे गेले माझे." भिंग डब्यात घालून डबा कपाटात ठेवला.

७ मार्च
वकील. "भांडा, थोडंफार कमी होईलही. पण बँकेने आहे तसं विकलंय आणि तुम्ही सही केलीय. तीन-चार वर्षं धरून चाला." फी घेतली नाही. तेवढंच.

९ मार्च
बँकेत गेले. साहेबांनी करार उघडून दाखवला, अट आहे. पान अकरा. मी सतरा पानांवर सह्या केल्या होत्या, सतरा आकडा तेवढा लक्षात आहे.

"आणि जाहिरातीतही दिलं होतं आम्ही."
"जाहिरातीत नव्हतं."
"मजकुरात होतं. छापलं नसेल तर पेपरवाल्यांना विचारा."

पेपरवाली मीच. त्यांना सांगितलं नाही.

१० मार्च
लवकर ऑफिसला गेले. फाईल काढली. बँकेचा मजकूर चौकटीपेक्षा दोन ओळी जास्त होता. शेवटच्या दोन ओळींवर लाल पेन्सिलीची रेघ. बाजूला 'अटी लागू' — अक्षर माझं.

'सोसायटीची व इतर सर्व मागील थकबाकी खरेदीदारास भरावी लागेल.'

मजकूर बसला नाही की आम्ही शेपूट कापतो, असंच म्हणतात आमच्याकडे. अकरा वर्षं कापतेय. ओळी वाचत नाही, मोजते. वाचल्या असत्या तर एवढी स्वस्त जागा का, हे तरी कळलं असतं.

रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. कागद परत टाचला, चहा प्यायले.

१४ मार्च
बाबा पेपर उघडत नाहीत. घडी तशीच असते. चाळीस वर्षांची सवय! शेजारच्या काकूंना सांगत होते, "माझ्या आंधळेपणापायी पोरीची जन्माची कमाई गेली." मी आत कपडे घडी करत होते. आता बाहेर जाऊन सांगायचं, असं ठरवलं. गेले. "चहा टाकू का?" असं विचारलं.

१८ मार्च
आज चार शेपटं कापली.

२३ मार्च
सोसायटीने हप्ते मान्य केले. दर महिन्याला निम्मा पगार. कार्ड शेवटचा हप्ता फिटल्यावर. तीन वर्षं. सही केली. या वेळी वाचून केली, म्हणून काही फरक पडला नाही.

२९ मार्च
भाड्याची खोली सोडली. सामान नेणाऱ्या दोघांनी बाबांना खुर्चीत बसवून वर चढवलं. खुर्चीचे हात घट्ट धरून होते, डोळे मिटलेले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, सेक्रेटरी बाहेर आले. "सांभाळून हं, काका!" मनापासून म्हणाले, हेच जास्त वाईट.

वर आल्यावर मी बाबांची खुर्ची खिडकीशी लावली. म्हणाले, "राहू दे. मला कुठे काय दिसतंय."

३० मार्च
बाबांचं कालचं बोलणं मात्र लागलं. दिवसभर लागत होतं.

२ एप्रिल
फाईलमधला कागद घरी आणला. बाबांच्या मांडीवर ठेवला. रेघ दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग — "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत!" चक्क हसले. डबा मागितला, भिंग पुसलं, आजचा पेपर मागितला. माझं पान उघडलं. एका लिलावाच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हिला होतं का गं शेपूट?"

हो म्हटलं.

"आणि हिला?"