मंगळवारी बंद केलेला कॉक

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकशील. गेली कित्येक वर्षं मी तुला फोनच करत आलो. पण हे फोनवर बोलायचा धीर होत नाही. तू रडायला लागलीस की मी विषय बदलतो, आणि हा विषय बदलून चालणार नाही.

माझं काम तुला माहीत आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नवी मुलं आली की त्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यायचं. तू म्हणतेस तसं, मुलांना घाबरवायचा पगार घेतो मी. तिथे दाराजवळ डोळे धुवायचा फवारा आहे. हँडल दाबलं की पाणी उसळतं. मी एकेकाला डोळे मिटून तिथवर चालायला लावतो आणि हँडल दाबायला लावतो. वीस जणांनी दाबलं की जमिनीवर तळं होतं, खालच्या मजल्यावरच्या यंत्रांवर गळतं. म्हणून तेवढ्यापुरता मी फवाऱ्याच्या नळीचा खालचा कॉक बंद करतो आणि वर्ग सुटला की उघडतो. सात वर्षं असंच चाललंय. नियमात बसत नाही, त्यामुळे कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी मधेच बाहेर जावं लागलं. परत आलो तोवर मुलं पांगली होती, आणि कॉक तसाच राहिला. गुरुवारी त्याच वर्गातल्या एका मुलीच्या डोळ्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं. सुरक्षेच्या चष्म्यावर वाफ धरली म्हणून पुसायला तिने तो काढला होता. शिकवलं होतं तशी ती डोळे मिटून बरोबर फवाऱ्यापाशी गेली. पाणी आलं नाही. दहा पावलांवर साधं बेसिन होतं, पण फवारा सोडून कुठे जायचं नाही असं मीच बजावलेलं. कुणीतरी तिला बेसिनकडे ओढून नेईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली.

आदल्या दिवशी प्लंबरने त्या मजल्यावर नळ दुरुस्त केला होता. कॉक बंद सापडला तसे सगळे त्याच्याकडे बोट दाखवायला लागले. चौकशी समितीने मला विचारलं. मी म्हणालो, मला काही कल्पना नाही.

काय करू ते लिही. घास उतरत नाही.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझा,
टिल्लू

—

१४ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

आधी जेव. लहानपणी एक मार्क गेला तरी माळ्यावर जाऊन बसायचास. आता पन्नाशी आली, माळ्यावर मावणार नाहीस.

माझं म्हणशील तर गप्प राहा. मुलांची शिक्षणं व्हायची आहेत, तुझ्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय. नोकरी गेली तर कुणाच्या दारात उभा राहशील? प्लंबरला फार तर ताकीद देतील. आणि तू बोललास म्हणून त्या पोरीचे डोळे काही परत येणार नाहीत. वाईट म्हण मला हवं तर, पण तू माझा भाऊ आहेस.

एक मात्र कळत नाही. वर्ग चालू असताना तुला बाहेर बोलावलं कोणी? त्याचं नाव का लिहिलं नाहीस? माणसाला काही पोच असावी की नाही! अर्धा दोष त्याचा आहे. त्याला उभा कर समितीपुढे.

इकडे ठीक. तू सांगितलेस तसे करडे पडदेच घेतले. तुझे भावोजी म्हणतात, घराचं ऑफिस करून टाकलंस.

जिवाला जप, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी,
ताई

—

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताकीद नाही, प्लंबरला निलंबित केलंय. परवा तो माझ्याकडेच आला. लेखी खुलासा मागितलाय, आपल्याला लिहिता येत नाही, साहेबांनी चार ओळी लिहून द्याव्यात, असं म्हणाला. मी लिहून दिल्या, ताई. ‘मी सदर कॉकला हात लावलेला नाही’ असं माझ्या हाताने, त्याच्या नावाने लिहिलं. तो माझ्या पाया पडायला वाकला. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडलो.

मुलीचा डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर सांगत नाहीत. विद्यापीठातल्या माझ्या खोलीपासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. आता नवा वर्ग घ्यायचाय. मुलं माझं म्हणणं वहीत उतरवून घेतात गं.

कोणी बोलावलं ते विचारू नकोस. विसरलो मी, आणखी कुणी नाही.

तुझ्या लोभाला पात्र आहे की नाही, ठाऊक नाही.

टिल्लू

—

२३ ऑगस्ट

चि. टिल्लूस,

तू विचारू नकोस म्हणालास तेव्हाच मनात चर्र झालं. फोन काढून पाहिला. मंगळवार, अकरा वाजून दहा. लागोपाठ तीनदा मीच. कुणाचं काही बरंवाईट झालं असेल म्हणून वर्ग सोडून धावला असशील. आणि मी अडतीस मिनिटं विचारत बसले, पडदे निळे घेऊ की करडे.

पोच असावी म्हणे माणसाला.

मी तुला गप्प राहा म्हणाले ते विसर. ती मुलगी माझी कोणी नाही असं मनात धरून लिहिलं होतं, आता तसं म्हणायला तोंड नाही. तू जा तिच्याकडे. माझं नाव सांगायचं तर सांग. नोकरी गेली तर इथे दोन खोल्या आहेत, सगळे या. पण त्या प्लंबरला असा बुडवू नकोस रे.

आशीर्वादाला हात उचलत नाही. तरी देते.

ताई

—

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी कुलसचिवांकडे लेखी दिलं. कॉक मी बंद केला, समितीशी खोटं बोललो, सगळं लिहिलं. तुझं नाव नाही लिहिलं. फोन उचलला तो मी. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला घरी जायला सांगितलं. प्लंबरला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याच्या बायकोने दार लावून घेतलं.

त्याआधी, काल सकाळीच, हॉस्पिटलात गेलो होतो. ते आधी लिहायला हवं होतं, पण लिहवत नव्हतं.

तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आई उशाशी बसली होती. मी नुसतं बरं आहे का विचारलं, तर मुलीने आवाजावरून ओळखलं आणि उठून बसायला लागली. म्हणाली की सरांची माफी मागायची होती. सरांनी नीट शिकवलं होतं, आपणच गोंधळलो, हँडल उलटं दाबलं असणार, म्हणून पाणी आलं नाही. रोज पडल्या पडल्या ती तेच आठवून पाहते. मग हवेत हात पुढे करून तिने दाबून दाखवलं, आणि असंच ना, म्हणून विचारलं.

हात अगदी बरोबर होता, ताई.

मी सांगितलं. कॉक मी बंद केला होता, उघडायला विसरलो, आणि तीन आठवडे लपवलं. तिची आई उभी राहिली. ती मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. मग मुलीने आईचा हात चाचपडत धरला आणि मला एवढंच विचारलं, की म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं ना.

लोभ असू दे, ताई. मागायची लाज वाटते, तरी मागतो.

तुझा,
टिल्लू