पाय घसरला, एवढंच सांगायचं

दि. ३ फेब्रुवारी

ती. वन्संच्या पायाशी,
साष्टांग नमस्कार. कंबर धरलीय, म्हणून निम्मा आत्ता आणि निम्मा भेटीत.

पाकिटावर पुन्हा ‘गं. भा.’ लिहिलंत. शेजारणीनं अर्थ विचारला, तर मी ‘गंमत भारी’ असं सांगितलं. तिला पटलं. दाजींना म्हणावं, पत्र सगळ्यांत वाचताना माझा आवाज काढायला जाऊ नका. मागच्या वेळी म्हणे म्हैस रेकल्यासारखं झालं.

माझं मशीन जोरात आहे. शाळेच्या चाळीस चड्ड्या शिवून झाल्या, सगळ्यांना दोन दोन पाय आहेत, मोजून पाहिलं. पण लेकाचं, आपल्या भोंग्याचं, काही बरं नाही. लहानपणी ज्याच्या बडबडीनं तुम्ही कानात बोटं घालायचात, त्याला तोंड आहे हे आता जेवतानाच कळतं. आणि जेवतो तरी कुठं? दोन घास चिवडतो, ताट सरकवतो. म्हणतो, छातीवर कुणीतरी येऊन बसतं, हातपाय गळून जातात. डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. याचं हृदय माझ्याहून चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, मग बदलून घ्या. डॉक्टर हसला. भोंगा नाही हसला.

आणि विसरतो किती! लिफ्टच्या कामाला जाताना कमरेचा पट्टा घरी खिळ्यालाच राहतो. वर चढल्यावर दोराला अडकवायचा तो पट्टा. तीन दिवस झाले. मी चिडवलं, की असाच एक दिवस मांडवात नवरी विसरून येशील. तर भिंतीकडे तोंड करून बसला. तुम्हाला ती भिंत आठवत असेल. तिच्याकडे तोंड करून आणखी कोण बसायचं, तेही. जाऊ दे.

उत्तर धाडा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची खोडकर भावजय

दि. ९ फेब्रुवारी

गं. भा. वहिनीस (लिहिणारच),
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरगा थकलाय, दुसरं काही नाही. चार दिवस घरी ठेव, पोटभर जेवू घाल. दाजी म्हणतात, लग्न लावून द्या, तोंड आपोआप उघडेल. स्वतःचं तीस वर्षं बंद आहे, ते विसरले.

पण भिंतीचं पुन्हा लिहू नकोस. पत्र इथं सगळ्यांसमोर वाचतात, तुला ठाऊक आहे. त्या ओळीशी दाजी अडखळले, कसली भिंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिची भिंत ओलावलीय. माझ्या लेकीला बघायला पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत. माझा भाऊ गेला त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हा ठरलं ते ठरलं. पाय घसरला, एवढंच सांगायचं.

भोंग्याला जवळ घे. तब्येतीला जप, आणि आत्याची आठवण काढत जा म्हणावं.

तुझी वन्सं

दि. १७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
नमस्कार. हे पत्र दाजींच्या हाती पडू देऊ नका.

काल दुपारी भोंग्याचा कामावरचा जोडीदार त्याला दंडाला धरून घरी घेऊन आला. सातव्या मजल्यावर लिफ्टचा खड्डा उघडा होता. त्याच्या कडेला भोंगा उभा होता. पट्टा नाही. जोडीदारानं तीन हाका मारल्या, वळलासुद्धा नाही. शेवटी मागून कॉलर धरून ओढलं. शर्ट फाटला. वन्सं, मी काय केलं सांगू? सुईत दोरा ओवला आणि कॉलर शिवायला बसले. जोडीदार समोर लहान पोरासारखा रडतोय, लेक भिंतीकडे तोंड करून बसलाय, आणि मी टाके घालतेय.

पट्टा तो विसरत नव्हता. ठेवून जात होता. आणि मी नवरीचे विनोद करत होते.

आज मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, हातात छापील कागद. दार सताड उघडं, मागे रांगेत सहाजण. त्यानं मोठ्यानं वाचल्यासारखं विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. भोंग्यानं माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणाला. आई शेजारी बसलेली असताना कोण हो म्हणेल? मग मला विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. मी नाही म्हटलं. वडील कसे गेले विचारलं. पाय घसरून, म्हटलं. पायडल मारलं की कापड असो नसो, सुई चालतेच, तशी जीभ चालली. त्यानं कागदावर खुणा केल्या आणि ताकदीच्या गोळ्या देऊन पाठवलं.

तुमच्या भावाच्या चपला त्या दिवशी कुठंच सापडल्या नाहीत. पाय घसरला असं तुम्ही म्हणतच होतात; त्यावरून ते पक्कं केलंत, अनवाणी गच्चीवर गेला, फरशी ओली होती. मलाही तेच हवं होतं. पदरात बारा वर्षांचं पोर. पण आठ महिने भिंतीकडे बघत बसलेला माणूस तुम्हीही पाहिला होतात.

मी मशीन बंद केलंय. कात्र्या शेजारणीकडे ठेवल्यात. दाराशी बसून असते. न्हाणीत गेला तरी बाहेरून काहीबाही विचारत राहते, उत्तर येईपर्यंत. वन्सं, तुम्हाला दिलेल्या त्या शब्दातून मला सोडवा. एक ओळ लिहा. दुसरं काही मागत नाही.

तुमची भावजय

दि. २२ फेब्रुवारी

चि. वहिनीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीत घातलं.

पाहुण्यांची तारीख ठरली. त्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, घराण्यातच वेड आहे. मग लेकीचं काय करू? मी भावासाठी रडले नाही असं समजू नकोस. जिना दिसला की अजून माझे पाय अडतात. पण त्याचा पाय घसरला होता. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

भोंग्याला एकटं सोडू नकोस. माझ्यावर राग धरू नकोस.

वन्सं

दि. ८ मार्च

ती. वन्संना,
नमस्कार.

तुमची ओळ आली नाही. मी थांबले नाही. राग धरायलाही सवड नाही.

त्याच दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. जोडीदाराची बहीण तिथं जायची, म्हणून त्यानंच नेलं. तिथं एक बाई बसते. गोळ्या लिहून देणारे डॉक्टर वेगळे, ही नुसती ऐकणारी. मी म्हटलं, याला सांगता येत नाही, मी सांगते. ती म्हणाली, तुमचंही ऐकायचंय, पण नंतर. मला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. तिनं म्हणे आधी मनाबिनाचं काही विचारलंच नाही. छातीवर बसतं ते किती वाजता येऊन बसतं, उठतं कधी, आलं की तू काय करतोस, एवढंच विचारलं. भोंगा दीड तास बोलला, वन्सं. मी बाहेर बाकावर नखं खात होते. तो हो म्हणाला. जीव देण्याचा तो प्रश्न तिनं अगदी शेवटी विचारला, त्याला हो म्हणाला. खड्ड्यात पाय टाकला की सुटेन, असं त्याला तीन महिने वाटत होतं.

मग मला आत घेतलं. तिनं विचारलं, घरात या दुखण्याला काय म्हणता. मी म्हटलं, आमच्यात याला शब्द नाही, आम्ही भिंत म्हणतो. ती हसली नाही. तिनं लिहून घेतलं. मग यांच्याबद्दल विचारलं. आणि मी सांगितलं. सगळं. सोळा वर्षांचं दोन मिनिटांत संपलं. लेकाकडे बघायची छाती झाली नाही.

तोच म्हणाला, मला ठाऊक आहे.

त्या दिवशी शाळेतून आला तेव्हा खाली गर्दी होती, सगळे वर बघत होते, आठवतं? तो थेट गच्चीवर पळाला होता. दाराशी चपला होत्या. नीट जोडून ठेवलेल्या. पाय घसरणारा माणूस चपला जोडून ठेवत नाही, एवढं त्याला बाराव्या वर्षी कळलं. खाली येऊन बघतो तर आपण दोघी पाय घसरला, पाय घसरला म्हणत होतो. आईला तसंच वाटू दे, असं त्याच्या मनात आलं. पुन्हा वर जाऊन चपला दप्तरात घातल्या. अजून त्याच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहेत. रोज खांद्यावर घेऊन सात सात मजले चढायचा. आपण त्याच्यासाठी खोटं जपत होतो, आणि पोर आपल्यासाठी.

बरं काही झालेलं नाही. गोळी चालू आहे, गुण यायला आठवडे लागतात म्हणे. काल सकाळी म्हणाला, खड्डा अजून दिसतो. मी विनोद केला नाही. हात धरून बसले. दोघांच्या हाताला घाम सुटला, तरी सोडला नाही.

बाईंनी विचारलं, तुम्ही एकट्या किती दिवस दाराशी बसणार, घरातलं दुसरं कोण आहे. मी तुमचं नाव घेतलं. मग म्हटलं, त्यांना जमायचं नाही.

कळवायचं ते कळवलं. आठवण ठेवा.

तुमची भावजय

दि. १३ मार्च

चि. वहिनीस, चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा पाहुणे बसलेले होते. दाजींनी सवयीनं पाकीट फोडलं. मी ते हातातून काढून घेतलं. घडी घालून कमरेला खोचणार होते. मग वाटलं, पोरानं सोळा वर्षं चपला वाहिल्या आणि मला चार कागद पेलवत नाहीत. उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून. चपलांशी आवाज गेला, तिथून पुढचं दाजींनी वाचलं. तुझा आवाज काढला नाही.

पाहुणे उठून गेले. लेकीनं पेले उचलले, विसळून पालथे घातले आणि माझी पिशवी भरायला घेतली.

शुक्रवारी सकाळी पोचते. दाराशी मी बसेन, तू झोप. त्या बाईंकडेही मी येणार. माझ्या भावाचं त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं. तुझ्या शेजारणीनं विचारलं कशाला आलात, तर सांगेन, भाच्याला आजार आहे, त्याच्या बापाला होता तोच, तेव्हा त्याच्यापाशी बसले नव्हते म्हणून आता आले.

भोंग्या, चपला टाकू नकोस. माझ्या हातात दे. त्या मीच त्याला घेऊन दिल्या होत्या. आता पुढं मी उचलते. मी येईपर्यंत खड्डा दिसला तर आईला सांग. परत दिसला तर परत सांग.

वहिनी, निम्मा नमस्कार राहिलाय तुझा. तो घ्यायला येतेय, कंबर सांभाळ.

तुमचीच,
वन्सं