एकतीस नंबरची जर्सी

प्रिय मॅरन,

माझं अक्षर तुला माहीतच आहे, दहावीतून पळालेल्या माणसाचं. मास्तरीण होऊन चुका काढू नकोस. किंवा काढच, इथे तेलखाणीच्या कॅम्पवर चुका काढायला एकटा मुकादमच आहे. यंदाचा हा माझा तिसरा कॅम्प. मला एका जागी बसवत नाही, आणि तुला सोळाव्या वर्षी कॅन्सरनं वर्षभर खाटेवरून उठू दिलं नाही. वाटणी उलटीच झाली.

आई म्हणते, रक्ताचे आकडे सुधारलेत, डॉक्टरांनी बर्फावर उतरायला परवानगीही दिली. पण तू आइस हॉकीच्या रिंककडे फिरकत नाहीस, जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाहीस. तिच्या मते तू थकली आहेस. मला पटेना, म्हणून रविवारी मी तुझ्या संघातल्या ब्रिनला फोन केला. तिने मला झाडलंच. "रोरी, अरे तिची जर्सी रिंकच्या छताला टांगलीये! आपल्याकडे कुणाची टांगतात? ज्यांचा खेळ संपला त्यांची, नाहीतर मेलेल्यांची. ती दारातून वर बघून तशीच मागे फिरली. आणि आमच्या पोरी तिच्याशी चर्चमध्ये बोलल्यासारख्या हळू बोलतात. मूर्ख सगळ्या!"

तू सात वर्षांची असताना गॅरेजच्या दारासमोर गोलकीपर होऊन उभी राहायचीस आणि मी टेनिसचे चेंडू मारायचो. एकदा चेंडू लागून तुझा दात पडला. मग मी हळू मारायला लागलो, तर तू काठीच फेकून मारलीस. "असलं मारायचं असेल तर घरात जाऊन बस!" तेवढं मी लक्षात ठेवलं असतं तरी पुरे होतं.

कारण ती जर्सी टांगायची कल्पना हॅल्व्होर्सन बाईंची नव्हती. जानेवारीत तुझी केमो चालू होती, इथून माझ्या हातात काहीच नव्हतं. मीच बाईंना फोन करून म्हणालो, तुम्ही कोच आहात, तिचा मान करा, तिचा नंबर वर चढवा. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं म्हणे. मी इथे छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटलो. तू जिवंत असताना मी तुझ्या फोटोला हार घातला, मॅरन. चुकलो. काल बाईंना तसं सांगितलं. त्यांनी लगेच शिडी लावून जर्सी उतरवली, आईकडे धुवायला दिलीय. तुला निरोप आहे, "दम लागला तर बाकावर बस, पण सोपा गोल होऊ दिलास तर ओरडेन." मी शुक्रवारी सुट्टीवर येतोय. चेंडू गॅरेजमध्येच असतील. जोरात मारणार आहे.

तुझाच, काठीचा मार अजून न विसरलेला,
रोरी